नसल्यास चालेल

घरातला ओव्हन ही मुळात कपाटाची एक जात आहे, असं माझं जुनं मत आहे. आमच्या ओव्हनमध्ये दोन बिडाचे तवे, पापडांचा डबा, ढोकळ्याच्या ताटल्या आणि वास्तुशांतीला कुणीतरी दिलेला, अजून खोक्यातून न निघालेला काचेचा बाउल एवढा ऐवज कायमचा मुक्कामाला असतो. दार काचेचं असल्यामुळे आल्यागेल्याला वाटतं, आत काहीतरी भाजायला ठेवलंय. आम्हीही कुणाचा गैरसमज दूर करत नाही. विकत घेताना विक्रेत्याने "सर, यात अख्खी कोंबडी फिरते" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आमच्या घरात कोंबडी अख्खी, अर्धी, फिरती, स्थिर अशा कुठल्याच स्वरूपात येत नाही. पण आलीच तर फिरू शकेल, या समाधानापोटी मी पैसे मोजले.

त्या कपाटाचा पुन्हा ओव्हन करायची वेळ माझ्या एका वाक्यामुळे आली. "त्यात काय मोठंसं?" हे ते वाक्य. मराठी पुरुष हे वाक्य स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उभा राहून म्हणतो आणि लगेच पेपर उघडतो, त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. माझं मात्र ते फोनवर निघालं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे लेक होती, अलीकडे बायको होती, आणि मधोमध आई कान देऊन बसली होती.

लेक शिकागोत असते. तिला शिकागोचा अभिमान आहे. पुण्याचा अभिमान ती तिथल्या लोकांसमोर वापरते. ती सांगत होती, "बाबा, ब्राउनी आमच्या इथे जन्माला आली, माहितीये?" १८९३ साली तिथे भलंथोरलं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. पामर हाऊस हॉटेलच्या मालकाची बायको बर्था पामर ही त्या प्रदर्शनाच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिने हॉटेलच्या आचाऱ्यांना फर्मावलं म्हणे, की बायकांना जेवणाच्या डब्यातून नेता येईल असं काहीतरी गोड करा. केकच्या तुकड्याहून लहान आणि हात न बरबटणारं. त्यातून ब्राउनी निघाली, असं ते हॉटेल सांगतं. वर अक्रोड आणि जर्दाळूचा चकचकीत लेप. ती तिथे आजही मिळते.

"अठराशे त्र्याण्णव म्हणजे विवेकानंद गेले होते तेच ना गं?" आईने विचारलं.

तेच. सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

"मग त्यांना दिली असेल का ब्राउनी कुणी?"

लेकीची पदवी संगणकशास्त्राची असल्यामुळे ती यावर काही बोलू शकली नाही. मीच विषय बदलायला म्हणालो, "चॉकलेट, साखर, मैदा एकत्र करायचं आणि भाजायचं. त्यात काय मोठंसं?" फोनच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. मग बायको गोड आवाजात म्हणाली, "मग करा की. गुरुवारी मला सुट्टीच आहे. बघायला बसते."

लेकीने तिची आवडती चॉकलेट-चेरी ब्राउनीची कृती धाडली. पहिल्याच ओळीत होतं, 'एक स्टिक बटर'. शोधाअंती कळलं, अमेरिकेत बटर कांड्यांमध्ये मिळतं आणि एक कांडी ११३ ग्रॅमची असते. आपली वडी १०० ग्रॅमची. उरलेल्या १३ ग्रॅमांसाठी दुसरी वडी फोडायची की अमेरिकेला तेवढी घट सोसायला लावायची, यावर घरात चर्चा झाली. शिवाय त्यांना बिनमिठाचं बटर हवं होतं आणि आपलं खारट. आणि पुढच्याच ओळीत 'पाव चमचा मीठ' होतं. "बटरमध्ये असतं तेवढं बास," बायको म्हणाली. आई म्हणाली, "गोडात चिमूटभर मीठ लागतंच." दोघींनी आपापल्या परीने मला हातभार लावला, म्हणजे एकीने मीठ घातलं आणि दुसरीने ते चमच्याने जमेल तेवढं बाहेर काढलं.

त्यानंतर कप. त्यांचा कप साधारण २४० मिलिलिटरचा. आमच्याकडे बशीवाले कप आहेत, बिनबशीचे मग आहेत, कान तुटलेले म्हणून पेनं ठेवायला लागलेले आहेत, पण एकाच्याही अंगावर मिलिलिटर लिहिलेले नाहीत. आई म्हणाली, "वाटी घे." मी विचारलं, "आमटीची का भाताची?" ती म्हणाली, "आपली नेहमीची." ही नेहमीची वाटी घरातल्या प्रत्येक बाईला डोळे मिटून ओळखता येते आणि पुरुषाला उघडे ठेवूनही येत नाही. शेवटी मिलिलिटरचे आकडे असलेली एकच वस्तू घरात सापडली: खोकल्याच्या औषधाचं टोपण, १० मिलिलिटरचं. मी ते धुऊन पुसून घेतलं आणि मैदा मोजायला बसलो. कपाला चोवीस टोपणं. सतराव्या टोपणाला इस्त्रीवाला आला. "कपडे किती आहेत?" त्याने विचारलं. "सतरा," मी म्हणालो. त्याने नऊ मोजले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नऊ मोजले. परत येऊन पाहतो तर आईने उरलेला मैदा ओंजळीने घालून टाकला होता. "चोवीसच झाला," ती म्हणाली.

कृतीत दोन अंडी होती. आणि वार गुरुवार. एरवी आमच्याकडे अंड्याविषयी अतिशय सोयीस्कर धोरण आहे: ऑम्लेटमधलं अंडं म्हणजे अंडं, केकमधलं अंडं म्हणजे केक. माझे एक चुलते आयुष्यभर अंड्याच्या वासानेही उठून जात, पण वाढदिवसाला पेस्ट्रीचे दोन तुकडे खाऊन "अलीकडे लोणी चांगलं वापरतात" म्हणत. गुरुवारी मात्र धोरण कडक होतं. "दही घाल," आई म्हणाली. मी शिकागोला फोन लावला. आमच्याकडे सकाळचे साडेअकरा, तिच्याकडे रात्रीचा एक.

"अंड्याऐवजी दही चालेल का?"

"बाबा, मग ती ब्राउनी नाही होणार."

"मग काय होईल?"

"माहीत नाही. मला झोपू द्या."

आईने ऐकून घेतलं आणि दही घुसळायला घेतलं. "तिला सांग, नसल्यास चालतं." जुन्या मासिकांतल्या पाककृतींवर तिचा पिंड पोसलेला. त्या कृतींत केशर, पिस्ते, खवा असं काहीही दिमाखाने लिहिलेलं असायचं आणि शेजारी कंसात 'नसल्यास चालेल'. या चार अक्षरी आणि तीन अक्षरी दोन शब्दांवर मध्यमवर्गाने कित्येक सणवार पार पाडले.

चेरीचं प्रकरण तर आदल्या दिवशीच सुरू झालं होतं. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून लालभडक चेऱ्यांची बाटली आणली होती. आइस्क्रीमवर एकच ठेवतात आणि पोरं ती शेवटपर्यंत राखून ठेवतात, ती चेरी. बायकोला लेबल वाचायची सवय आहे. तिने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "ही करवंदं आहेत."

"काहीतरीच काय!"

"इथे लिहिलंय. करोंदा, साखर, आम्ल, रंग."

मी बाटली हातात घेऊन त्या फळाकडे नीट पाहिलं. खरंच. कच्चं करवंद बी काढून, लाल रंगात आणि साखरेच्या पाकात मुरवून आपल्याकडे चेरी म्हणून विकतात, ही गोष्ट बेकरीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मला मात्र चांगलाच धक्का बसला. लहानपणापासून इतक्या केकांवर मी इतक्या आदराने पाहिलेली ती परदेशी पाहुणी खंडाळ्याच्या घाटातली निघाली! मे महिन्यात पानाच्या द्रोणात भरून "डोंगरची काळी मैना" अशी आरोळी देत विकतात, तीच. फक्त काळी व्हायच्या आत उचलून, अंग रंगवून, बाटलीत बसवलेली. (टुटीफ्रुटीही कच्च्या पपईची असते, हे बायकोने त्याच दमात सांगून टाकलं. एका दिवशी माणसाने किती सोसायचं?)

आईला मात्र भरतं आलं. तिने बाटलीतलं एक काढून दातांनी अर्धं तोडलं आणि आत पाहिलं. "कोंबडा," ती म्हणाली. करवंद फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी, हा खेळ तिने ऐंशीच्या घरातही सोडलेला नाही. तिने दुसरं फोडलं. कोंबडा. तिसरं. कोंबडा. "सगळे कोंबडेच कसे?" ती हिरमुसली. "रंगवलेत मेल्यांनी." आमच्या घरात कोंबडी न येण्याची परंपरा अशी बाटलीतही अबाधित राहिली.

मी इरेला पेटून मंडईत गेलो आणि खऱ्या चेऱ्या आणल्या. मेच्या मध्यापासून काश्मीरच्या चेऱ्या लहान खोक्यांतून इथवर येतात. वरच्या थरातल्या टपोऱ्या, देठासकट ओळीने लावलेल्या. खालच्या थरातल्या कशा असतात ते घरी गेल्यावर कळतं. आता या चेऱ्यांच्या बिया काढायच्या होत्या. त्यासाठी परदेशात एक चिमटा मिळतो. आमच्याकडे बायकोचा केसांचा आकडा मिळाला. त्याचं वाकडं टोक देठाच्या जागी खुपसायचं, बी हुडकायची आणि उचकटायची. चेरीचा रस उडतो, हे कृतीत लिहिलेलं नव्हतं. बनियनवर उडाला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाला. संकष्टीवर बरोबर मधोमध पडला. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या काकू विरजण मागायला आल्या आणि लाल हातांनी, एका हातात आकडा धरून मी दार उघडलं. काकू किंचाळल्या नाहीत, पण विरजण न घेताच गेल्या. पाच मिनिटांत काका आले. "सगळं ठीक आहे ना? वहिनी कुठे आहेत?" मी आकडा हलवत म्हणालो, "आत आहे." त्यांना वहिनी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय चैन पडेना.

अशा रीतीने चेऱ्या निम्म्या काश्मीरच्या आणि निम्म्या सह्याद्रीच्या ठरल्या, आणि काका-काकू दोघेही स्वयंपाकघरात येऊन बसले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात माणूस एकदा बसला की त्याला सल्ला सुचायला वेळ लागत नाही.

गुरुवारी ओव्हन रिकामा केला. त्यातून निघालेल्या वस्तू दिवाणखान्यात मांडल्यावर घर बदलीच्या गावी निघाल्यासारखं दिसू लागलं. कृतीत ३५० अंश होतं. आमच्या ओव्हनची खुंटी २५०लाच संपते. मी ती शेवटपर्यंत पिळून, बाकीचे १०० अंश वेळ वाढवून भरून काढायच्या विचारात होतो, तेव्हा काका म्हणाले, "ते फॅरनहाइट असणार." काका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं आणि १७७ आणले. मग वीस मिनिटं १७७ कुठे येतात यावर खल झाला, कारण खुंटीवर १५० नंतर थेट २०० होते.

"आता हा रिकामा दहा मिनिटं तापवायचा," मी म्हणालो.

"रिकामा?" आईने असं विचारलं, की मलाच अपराध्यासारखं झालं. रिकाम्या तव्याखाली जिने उभ्या जन्मात गॅस पेटवला नाही, तिला हे बघवणं शक्यच नव्हतं. मी चॉकलेट आणायला वळलो तेवढ्यात तिने आत ताटलीभर शेंगदाणे सरकवले. "आयती आच आहे. उपासाचं कूट होईल." पुढची दहा मिनिटं घरभर जो खमंग वास सुटला, त्याला शिकागोशी काहीही देणंघेणं नव्हतं.

चॉकलेट वितळवणं हा नाजूक कारभार. खालच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, वरच्यात चॉकलेट. वरच्यात पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये. गेला, तर कोको आणि साखरेचे कोरडे कण तो थेंब शोषून एकमेकांना घट्ट धरतात आणि सगळ्याचा रवाळ गोळा होतो. हे काकांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. समजावताना त्यांनी झाकण उचलून दाखवलं, आणि झाकणाच्या आतली वाफ थेंब होऊन बरोबर चॉकलेटात पडली. प्रात्यक्षिक शंभर टक्के यशस्वी झालं. बायको सुट्टीवर होती आणि फक्त बघायला बसलेली होती, तरी ती उठली, दोन-तीन चमचे कढत दूध घालून घोटलं, आणि गोळा सैल होऊन चकाकायला लागला. थेंबाने बिघडतं आणि चमच्याने सुधरतं. काका म्हणाले, "बरोबर. हेच मी पुढे सांगणार होतो."

मिश्रण कालवताना आई म्हणाली, "एकाच दिशेने फिरव." काकू म्हणाल्या, "पण डावीकडून उजवीकडे." आई म्हणाली, "आमच्यात उजवीकडून." मी मध्ये उभ्याने वरखाली कालवलं. त्यात अक्रोड घालायचे होते. पण घरातले अक्रोड आई रोज सकाळी स्मरणशक्तीसाठी खाते आणि ते कुठे ठेवलेत हे तिला आठवेना. "नसल्यास चालेल," असं म्हणत तिने भाजलेले शेंगदाणे हातावर चोळले, सालं फुंकली आणि मूठभर आत टाकले.

भाजण्याच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. तिच्या तरुणपणी मे महिन्यात नानकटाई बेकरीत करून आणायची पद्धत होती. घरून तूप, साखर, मैदा, रवा डब्यातून न्यायचा, पत्रे लावायचे आणि भट्टीत आपला पत्रा जाऊन परत येईपर्यंत पापणी मिटायची नाही. कारण मिटली तर आपल्या साजूक तुपाची नानकटाई दुसऱ्याच्या पिशवीत आणि डालड्याची आपल्या. पत्र्यांच्या रांगेतून स्वतःचा पत्रा वासावरून ओळखता यायचा, असं ती सांगते. त्या अनुभवाच्या जोरावर ती ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसली, नजर काचेवर. घरात दुसरा कुणाचाच पत्रा नव्हता, पण सावध असलेलं बरं.

पंधराव्या मिनिटाला वीज गेली. गुरुवारी जातेच, आपण वार विसरतो, ती विसरत नाही. काचेआडचा लाल उजेड मावळला आणि चारही जण माझ्याकडे पाहू लागले. त्यात काश्मीर, सह्याद्री आणि शेंगदाणे अर्ध्या वाटेवर. "कुकर लाव," आई आणि काकू एकदमच म्हणाल्या. दिशेवरून झालेलं भांडण त्या क्षणी मिटलं. कुकरच्या तळाशी मीठ पसरलं, त्यावर कडं ठेवलं, त्यावर ब्राउनीचा डबा. यात पाणी घालायचं नसतं, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची असते. रिंग काकूंनी काढली. शिट्टी आईने सवयीने पुन्हा बसवली आणि म्हणाली, "तीन होऊ देत." बायकोने चिमट्याने ती उचलली नसती, तर आम्ही अजून पहिलीची वाट पाहत असतो.

झालं की नाही हे कसं ओळखायचं, यावर खरी लढाई जुंपली. कृती म्हणत होती, काडी खुपसावी. ओलसर कण चिकटले तर झालं, स्वच्छ निघाली तर उशीर झाला. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. ढोकळा, केक, इडली, जगातलं काहीही शिजलं की सुरी स्वच्छ निघते. स्वच्छ निघाली तर बिघडलं, असा पदार्थ त्यांनी ऐकलाच नव्हता. "अर्धं कच्चं ठेवायचं आणि त्याला नाव द्यायचं," आई म्हणाली. मग प्रत्येकाने आपापल्या समाधानासाठी एकेकदा सुरी खुपसली. काकांनी दोनदा, कारण एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये.

ब्राउनी पूर्ण गार झाल्यावर कापायची असते. ती गार होईपर्यंत थांबलेलं घर माझ्या पाहण्यात नाही. आईने तूप लावलेल्या थाळ्यावर ती उपडी केली, सुरीला तूप लावलं आणि तिरक्या रेघा मारून शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडल्या. डब्यातून नेता येतील अशा होत्या. हात मात्र सगळ्यांचे बरबटले.

"फुगली नाही का हो?" काकू.

"ब्राउनी फुगत नाही," मी.

"पाक कच्चा राहिला," आईने बोट चाटून निदान केलं. "गोळीबंद हवा होता. वडी मऊ पडली. चवीला वाईट नाही." आणि तिने तिसरी उचलली.

फोटो शिकागोला गेला. उठल्यावर लेकीचा फोन आला. दही कळलं, करवंदं कळली, कुकर कळला. शेंगदाण्यापाशी ती थांबली. तिला धीर यावा म्हणून मी माझं संशोधन ऐकवलं: फॅनी फार्मर या बाईंच्या १८९६च्या गाजलेल्या पाकपुस्तकात ब्राउनी आहे, पण त्यात चॉकलेटच नाही, काकवी आहे, चॉकलेट आलं ते पुढे १९०६च्या आवृत्तीत. "म्हणजे बघ, तुमच्याकडेही नसल्यास चालायचं." लेक म्हणाली, "आईला फोन द्या."

पण आईला, म्हणजे माझ्या आईला, एवढं प्रमाण पुरेसं होतं. संध्याकाळी ती चिपळूणच्या मावशीला फोनवर कृती सांगत होती. मी दाराआडून ऐकत होतो.

"अगं, सोप्पी आहे. अंडं लागतच नाही, दही घालायचं. चेरी म्हणजे आपली करवंदं गं, तुझ्या परसातली घे. नसली तर बेदाणे टाक. चॉकलेट? नसल्यास चालेल. अमेरिकेतसुद्धा आधी काकवीच घालायचे, पुस्तकात आहे. काकवी नसेल तर गूळ किसून घे, चिकीचा. मैदा कशाला, पोटाला बाधतो. बेसन घे, तुपावर भाजून. छे गं, ओव्हन कशाला? कढईत होते. थाळ्याला तूप लावून थापायची. पण एक लक्षात ठेव, शेंगदाणे मात्र खमंग भाजून घे हं. त्याच्याशिवाय काही ती ब्राउनी नाही."